रविवारच्या फोनसाठी चिंचणीला

माणसं समुद्र बघायला जातात, देवाला जातात, गेला बाजार लग्नाला तरी जातात. आम्ही नवरा-बायको मात्र साताऱ्याहून निघालो ते एका अनोळखी बाईनं आपल्या मुलाशी फोनवर दोन शब्द बोलावेत म्हणून. स्टँडवर शेजारचे तात्या भेटले. "कुठं दौरा?" त्यांनी विचारलं. "चिंचणीला," मी म्हणालो. त्यांना वाटलं तासगावची चिंचणी. मी काही दुरुस्ती केली नाही. आमची चिंचणी पार पालघर जिल्ह्यात, तारापूरला लागून, समुद्राकाठी आहे आणि तिथं आमचं कुणीही नाही, हे कळलं असतं तर तात्यांनी गाडी सुटेपर्यंत पिच्छा सोडला नसता.

आमचा एकुलता एक ओंकार दिवाळीआधी फौजेत भरती झाला आणि मध्य प्रदेशातल्या एका प्रशिक्षण केंद्रात गेला. आमच्या भागात घरटी एक माणूस सैन्यात. त्यामुळं पोरगा निघाला की आईबापानं पेढे वाटायचे असतात, डोळे पुसायचे नसतात. आम्हीही वाटले. त्यानंतर आमचं जे काय झालं ते बाहेर कुणाला दिसलं नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शटर उघडण्याआधी मी रोज ओंकार ज्या माळावर पळायचा तिथं चालायला जायला लागलो, तेही त्यानं घरी टाकलेले बूट घालून. ते मला मोठे होतात. मंगल, माझी बायको, तिची तऱ्हा याहून वेगळी. तिकडं गारठा वाढल्याचं मोबाइलवर दिसलं, की ही इथं उन्हात स्वेटर घालते. मी एकदा म्हणालो, "तुझ्या स्वेटरनं त्याला ऊब लागणार आहे काय?" ती म्हणाली, "तुमच्या चालण्यानं तरी त्याची पळापळ कमी होणार आहे काय?" तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या वाटेला जात नाही.

तिथं मुलांना रविवारी थोडा वेळ फोन मिळतो. व्हिडिओला बंदी. मागच्या रविवारी ओंकार स्वतःचं काहीच बोलला नाही, सगळा वेळ हितेशबद्दल सांगत राहिला. हितेश चिंचणीच्या मच्छीमाराचा मुलगा, ओंकारच्या शेजारच्या खाटेवरचा. त्याच्या आईनं लेकाला घरचं चार घास मिळावं म्हणून सुक्या बोंबलांचं पार्सल धाडलं होतं. स्टीलचा डबा, तोंडाला कणीक लावून बंद केलेला, वर प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर पिशव्या. बाईनं आपल्या परीनं काही कमी ठेवलं नव्हतं. पण पार्सल सगळ्यांसमोर उघडायचा तिथला नियम. उस्तादांनी, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या हवालदारांनी, झाकण काढलं आणि दोन पावलं मागं सरकले. "ये मुर्दा किसने मँगवाया?" म्हणाले. खायचं बाहेरून मागवायला मनाई, म्हणून हितेशला आणि त्याच्याबरोबर अख्ख्या तुकडीला मैदानभर कोलांट्या मारायला लावल्या. पोरं त्याला 'मच्छी' म्हणायला लागली. हे त्यानं हसत हसत घरी सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्याची आई फोनवर आलीच नाही.

"बाप म्हणतो ती बाजारात गेलीय, कधी म्हणतो झोपलीय," ओंकार सांगत होता. "आप्पा, हितेशला वाटतंय आईला काहीतरी झालंय आणि घरचे लपवतायत. तो पळून जायचं म्हणतोय. पळाला तर सगळं संपलं. पुढच्या रविवारी आई बोलली नाही तर तो थांबायचा नाही."

येत्या रविवारी आम्ही हितेशच्या घरी असू, असा मी त्याला शब्द दिला. त्यानं दिलेल्या नंबरावर मी हितेशच्या वडिलांना, काशिनाथरावांना, फोन लावला. बाई घरात धडधाकट होती. "ती आमचं ऐकत नाय," ते म्हणाले. "तुमीच या नि बगा." शनिवारी भल्या सकाळी आम्ही एसटीत बसलो.

ठाण्यात बोईसरची गाडी मिळाली. घोडबंदर गेलं, खाडी गेली, महामार्गावर मोठमोठ्या ट्रकांच्या मागं लागत मनोरला पोचलो. तिथून गाडी डावीकडं वळली आणि हमरस्त्याचा गोंगाट एकदम मागं पडला. दोन्ही बाजूंना सागाची पानं धुळीनं पांढरी झालेली, कापणी झालेल्या भाताची खाचरं, मधूनच एखादं कौलारू घर. आमच्याकडचे डोंगर बोडके. इथल्यांच्या अंगावर अजून झाडी आहे. मंगल खिडकीला नाक लावून बसली होती.

मासवणला एक जोडपं चढलं. बाईच्या डोक्यावर भांड्यांचं बोचकं, माणसाच्या हातात पाय बांधलेली कोंबडी. जागा करून दिल्यावर मंगलनं विचारलं, "कुठं निघालात?"

"पालघर, तिथशी गाडीनं वसईकडं. इटभट्टीवर," बाई म्हणाली. "भात झाला, आता पावसापर्यंत तिकडंच."

"आणि मुलं?"

"पोरं आयशीकडं ठेवली. शाळा हाय ना त्यांची."

मग त्या बाईनं उलट विचारलं, "तुमची पोरं?" मंगल म्हणाली, "एकच आहे. तोच गेलाय, आम्ही घरी आहोत." बाईनं मान हलवली, आणि कोंबडीला पाणी पाजायला लागली. इथं पोरं घरी राहतात आणि आईबाप जातात, आमच्याकडं उलटं. दुःख कुणाचं मोठं हे ठरवायला मी काही बसलो नाही. गाडी वाघोबा खिंडीत आली तेव्हा ड्रायव्हरनं वेग कमी केला, कारण खिंडीतल्या वाघोबाच्या देवळाला इथं येणारा-जाणारा हात जोडतो. आम्हीही जोडले. कुणासाठी जोडले हे एकमेकांना विचारायची गरज नव्हती.

पालघर गेल्यावर कोळगावला जिल्ह्याची नवी कचेरी लागली. ऐसपैस इमारती, पुढं हिरवळ. सातबारा काढायला आलेल्या माणसाला इथं आपण लग्नाच्या हॉलवर तर आलो नाही ना असं वाटत असेल. बोईसरमध्ये मात्र जमिनीवर आलो. कारखान्यांची पाळी सुटली होती, सायकली आणि डब्यांच्या पिशव्या घेऊन माणसांचा लोंढा निघाला होता आणि जिकडंतिकडं हिंदी. हवेत असा एक औषधी दर्प होता की मंगलनं पदर नाकाला लावला. सहा आसनी रिक्षावाला म्हणाला, "चिंचणी? बैठिए अंकल, दो सवारी और आने दीजिए." दोनाच्या चार झाल्या, तरी त्याचं मन भरेना. शेवटी मी त्याच्या मांडीवर बसायचा बाकी राहिलो, तेव्हा रिक्षा सुटली.

कारखान्यांचा वास कुठं संपला आणि मासळीचा कुठं सुरू झाला हे सांगता येणार नाही, पण चिंचणीत शिरलो तेव्हा मंगलचा पदर खाली आला होता. "हा तर आपल्या बाजारातला वास," ती म्हणाली. आमच्याकडं आठवडी बाजारात सुके बोंबील घेऊन एक म्हातारी बसते. ते बोंबील येतात कुठून हा प्रश्न आम्हाला जन्मात पडला नव्हता. गल्लीतून जाताना घराघरातून टकटक ऐकू येत होती. दागिन्यांचे साचे, ज्यांना इथं 'डाय' म्हणतात, ते कोरायचं काम या गावात घरोघर चालतं. टकटक संपली आणि समोर समुद्र दिसला. ओहोटी होती. किनाऱ्यावर बांबूचे मोठमोठे मांडव उभे होते (त्यांना 'वलांडी' म्हणतात) आणि त्यांच्या आडव्या काठ्यांवर बोंबलांच्या जोड्या, जबड्यात जबडा अडकवून, ओळीनं लटकत होत्या.

काशिनाथराव दारातच उभे होते. किडकिडीत, उन्हानं रापलेले. "या दादा, या वयनी," म्हणाले आणि आत पाण्याला गेले. तेवढ्यात जमनाबाई आली, हितेशची आई. कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, डोक्यावर रिकामी पाटी. तिचा आवाज ती दिसण्याआधीच आला होता. कुणाला तरी टोपल्यावरून झापत येत होती. मला मनातून हसू आलं. फोनवर बोलत नाही म्हणजे बाई अबोल असेल, अशी माझी समजूत होती.

जेवायला तिनं ओल्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी केल्या. कालवण असं की मी तिसरी भाकरी मागितली आणि मंगलनं मला डोळ्यांनी दटावलं. स्वतः जमनाबाई मात्र भात आणि डाळ घेऊन बसली.

"हे बगा," काशिनाथराव म्हणाले. "दर्याकाठी जल्म गेला हिचा, नि आता डाळ खाते. पोराला तिथं डाळ देतात म्हनून. घरात मावरं येतं नि ही डाळ शिजवते!"

"तुमाला तर मावरं मिलतं ना?" ती फिस्कारली. "मंग गप जेवा."

संध्याकाळी बोंबील उलटायला ती वलांडीवर निघाली, मंगल तिच्याबरोबर गेली आणि मी मागून. दोघी काम करता करता बोलत होत्या. मंगलला काम समोर असलं की बोलता येतं. तिनं सरळ विषय काढला. "जमनाताई, तुमचा मुलगा पळून यायचं म्हणतोय. त्याला वाटतंय तुम्हाला काहीतरी झालंय. उद्या त्याच्याशी दोन शब्द बोला, बास."

जमनाबाईचे हात थांबले. "बोलता येत असतं तर बोलले नसते काय, ताई? मी म्हालक्षुमीला नवस बोललेय." डहाणूची महालक्ष्मी, इथल्यांची देवी. "माज्या एका डब्यापायी पोराला मातीत लोळवला. त्याची काय चूक? मी जे करते ते त्याच्या अंगाशी येतं. म्हनून देवीला बोलले, त्याची कसम होईपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलनार नाय. त्याला सुखरूप ठेव." कसम म्हणजे प्रशिक्षण संपताना मुलं शपथ घेतात ती परेड. तिला अजून बरेच महिने होते.

"मग हे त्याला सांगू तरी द्या," मी म्हणालो.

"ज्याच्यासाठी नवस, त्याला सांगायचा नसतो. तुमी पन सांगायचं नाय. घ्या शपत."

आम्ही घेतली. काय करणार? मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस, जळलेलं कॉइल मला दिसतं, पण हे कॉइल कुठून उलगडायचं ते कळेना. नवस मोडला तर पोराला अपाय होईल, ही तिची धास्ती. नवस पाळला तर पोरगा पळेल, ही आमची. आणि दोन्हीकडं पोरगा एकच. मंगल परत येताना म्हणाली, "मी तिच्या जागी असते तर मीही मोडला नसता." मला तिचा रागच आला, कारण ते खरं होतं.

रविवारी फोनची वेळ जवळ आली तशी जमनाबाईनं पाटी उचलली आणि किनाऱ्याकडं चालती झाली. मागं वळून पाहिलंही नाही. थोड्या वेळात काशिनाथरावांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला, जणू हातात धरायची भीती वाटत होती.

"बाबा, आय कुठं हाय?"

"हाय रे. बरी हाय. वलांडीवर गेली, आता येईल..."

"मागच्या टायमाला पन हेच बोललात. खरं सांगा ना बाबा. आय हाय का?"

काशिनाथरावांनी फोन माझ्याकडं सरकवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, शपथ गेली चुलीत, सांगून टाकावं. पण तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं आणि फोन बंद झाला. त्या पोराची वेळ संपली होती.

मग माझ्या खिशातला फोन वाजला. ओंकार होता.

"आप्पा, माझी पाळी आली. फोन हितेशला देतोय. काकू जिथं असतील तिथं जा. पळा, आप्पा!"

मी पळालो. ओंकारचेच बूट पायात होते. कोरड्या वाळूत ते असे रुतायला लागले की वीस-पंचवीस पावलांत एक मागंच राहिला. तो तिथंच सोडला आणि एका बुटानं धावत, धापा टाकत वलांडीखाली पोचलो. जमनाबाई मला बघून मागं सरकली. मी फोन तिच्यापुढं धरला. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मान हलवली, नाय, नाय.

"आये?" फोनमधून आवाज आला. "काका, आय हाय का तिथं?"

"आहे रे बाळा. माझ्यासमोर उभी आहे."

"मंग बोलत का नाय? तुमी पन बाबासारखं खोटं बोलता." त्याचा आवाज चिरकला. "मी येतो घरी. मला नाय राहायचं इथं."

जमनाबाईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण पदर तोंडातून निघत नव्हता. आणि त्याच वेळी एक तांबडं कुत्रं कुठूनसं आलं, वलांडीखाली शिरलं आणि उडी मारून खालच्या काठीवरची बोंबलाची जोडी त्यानं खसकन ओढली.

"हाड! हाड मुडद्या!" पदर तोंडातून उडाला. "तुज्या बापानं वाळत घातलंय काय रे? चोरा! तुजं तंगडं मोडून ठेवते बग!" असा आवाज की वरचे कावळेही उडाले.

कुत्रं पळालं. जमनाबाईच्या लक्षात आलं आणि तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मग फोनमधून एक हुंदका आला, आणि हुंदक्यातच हसू. "आये, कुत्रं आलं का गं?"

ती माझ्याकडं अशा नजरेनं बघत होती की जणू तिच्या हातून सगळं संपलं. तोवर मंगल पोचली होती. माझा बूट तिच्या हातात होता. तिनं काय झालं ते एका नजरेत ओळखलं. "जमनाताई," ती हळूच म्हणाली, "नवस पोराशी न बोलायचा होता. कुत्र्याशी बोलायला देवीची काय हरकत?"

कुत्रं लांब जाऊन बोंबील चघळत बसलं होतं. जमनाबाईनं त्याच्याकडं तोंड केलं. मी फोन तिच्या खांद्याशी धरला.

"काय रे," ती कुत्र्याला म्हणाली, आवाज एकदम खाली आलेला. "वाळलास ना? पोटभर खातोस का नाय?"

"खातो, आये," फोन म्हणाला.

"घरचं नाय मिलत म्हनून उपाशी नको राऊ. डाळ घालतात तर डाळ खा. मी पन डाळच खाते."

"हो."

"कोनी ओरडलं, कोनी नावं ठेवली, तर ऐकून घे. पळून नको येऊ. माजा एवडा मोठा गुन्हा, तरी देवीनं तुला धड ठेवला. आता पळालास तर मी तिला काय तोंड दाखवू?"

"नाय पळनार, आये."

कुत्रं शेपूट हलवत होतं. जमनाबाई आता खाली वाळूत बसली. "तुजी आय कुठं नाय गेली," तिनं त्याला सांगितलं. "इथंच हाय. वलांडीवर. तू येशील तवा पन इथंच असेन."

पलीकडून नुसतं रडणं आलं, आणि मग वेळ संपून फोन बंद झाला. जमनाबाईनं डोळे पुसले आणि मंगलला दरडावून विचारलं, "मी कुनाशी बोलले?"

"कुत्र्याशी," मंगल म्हणाली. "मी साक्षीला आहे."

"हां." ती उठली, काठीवरची एक चांगली जोडी काढली आणि त्या तांबड्या चोराच्या पुढ्यात टाकली.

आम्ही लगेच निघालो, कारण सोमवारी दुकान उघडायचं होतं. काशिनाथराव बोईसरपर्यंत सोडायला आले. गाडी सुटताना म्हणाले, "दादा, पुडच्या रविवारी पन ते कुत्रं यायला पायजे." मी म्हणालो, "बांधून ठेवा." आम्ही आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले.

पालघर मागं पडलं. खिडकीतून ऊन उतरताना दिसत होतं, बोंबलाचा वास आमच्या कपड्यांना लागला होता आणि मी माझ्यावर बेहद्द खूष होतो. एवढ्या लांब येऊन काम फत्ते केलं, आता गावात गेल्यावर तात्यांना सगळं सांगायचं, असे मनात मांडे खात होतो. मंगलनं मध्येच विचारलं, "ओंकार काय म्हणाला?"

"कधी?"

"आज. फोनवर."

मी आठवायला लागलो. "पळा, आप्पा, म्हणाला."

"अजून?"

"अजून काही नाही. फोन हितेशला दिला ना त्यानं."

आठवडाभर आम्ही ज्या वेळेची वाट बघतो, ती त्यानं आज दुसऱ्याच्या आईला देऊन टाकली होती, आणि आमच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. तो जेवला का, गुडघा दुखायचा थांबला का, थंडी सोसतेय का, काही विचारलं नाही. त्यानंही काही सांगितलं नाही.

"शहाणा झाला गं तुझा पोरगा," मी म्हणालो.

"शहाणा झाला," मंगल म्हणाली, "आणि माझा रविवार गेला." आणि ती रडायला लागली. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदाच, मोकळ्यानं, आवाज करून. मला तिला गप्प करता आलं असतं, पण करायचं नव्हतं. मग मीही आवरलं नाही. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला, आम्हा दोघांकडं बघून क्षणभर थांबला. "बसा मावशी निवांत," तो म्हणाला. "तिकिटं मनोरला काढू."